बॉण्डवर जाताना पुस्तकं कमी, फोन नंबर जास्त न्या

प्रश्न एका इंटर्न मुलीचा आहे. नागपुरातच वाढलेली, मेडिकलला म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलेली, दोन महिन्यांनी इंटर्नशिप संपेल. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: "मॅडम, बॉण्डची ऑर्डर कुठलीही येऊ शकते. बाबा म्हणतात दहा लाख भरू, मोकळी हो आणि पीजीचा अभ्यास कर. मला जावंसं वाटतं, पण भीती वाटते. अवघड बाळंतपण एकटीने एकही केलेलं नाही. मुलगी म्हणून तिथे राहणं कसं असतं? आणि वर्ष वाया जाईल का?"

मी १९९८ मध्ये बॉण्डवर, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्यावर करावी लागते त्या वर्षभराच्या सक्तीच्या सेवेवर गेले होते. पूर्व विदर्भातलं, जंगलाला लागून असलेलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. वर्ष संपलं त्याच दिवशी दुपारच्या एसटीने नागपूरचं गणेशपेठ बसस्थानक गाठलं आणि परत म्हणून तिकडे गेले नाही. पुढे पीएसएममध्ये, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी केलं, आणि गेली वीसेक वर्षं इंटर्नना खेड्यात पाठवणं, बॉण्डवरून परत आलेल्यांचं ऐकणं हेच काम करते आहे. तेव्हा उत्तर लांब होणार. चहा घेऊन बस.

पैशाचं आधी उरकते. बॉण्ड न करण्याचा दंड एमबीबीएसला दहा लाख, पीजीला पन्नास लाख, सुपरस्पेशालिटीला दोन कोटी हे आकडे आपल्या राज्यात अनेक वर्षं सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण दंड भरून सुटता येतं की नाही, आणि केव्हा, हे शासन निर्णयागणिक आणि बॅचगणिक बदलत आलंय. तुझ्या वरच्या बॅचला जमलं म्हणून तुला जमेलच असं नाही. प्रवेशाच्या वेळी शंभर कागदांच्या गठ्ठ्यात तू सही केलेलं बंधपत्र काढ आणि ते वाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरतं त्यावर दहा लाखांचा निर्णय घेऊ नकोस. कोर्टात जाऊन सुटू असंही कुणी सांगेल. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजी आणि सुपरस्पेशालिटीच्या बॉण्डविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आहेत, तेव्हा त्या वाटेला फार आशेने जाऊ नये. दंड भरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याने शेत विकून पैसे भरले. त्याला देशसेवेवर भाषण देणाऱ्याला मी खोलीबाहेर काढलं होतं.

आता भीतीचं. त्यातली निम्मी भीती चुकीच्या गोष्टीची आहे असं मला वाटतं.

तू सावनेरला जाऊन आलीस, किंवा तुझ्या बॅचने जे कुठलं ग्रामीण केंद्र पाहिलं असेल तिथे. इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे बारा आठवडे असतात आणि मुलांना वाटतं, झालं, खेडं पाहिलं. ते खेडं आम्ही दाखवलेलं असतं. तिथे लेक्चरर असतात, सोशल वर्कर असतात, संध्याकाळी होस्टेलची मेस असते. ओपीडीत तू बीपी बघतेस, गोळ्या सांगतेस आणि केसपेपरवर सही दुसरं कुणीतरी करतं. बॉण्डवर पहिल्या दिवशी बदलते ती ही सही. रुग्ण तोच, गोळ्या त्याच, खाली नाव तुझं. मृत्यूच्या दाखल्यावर, मारामारीच्या एमएलसीवर (पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीवर), लसीच्या फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्यावर, औषधांच्या स्टॉक रजिस्टरवर, गाडीच्या लॉगबुकवर. मला आठवतं, पहिल्या आठवड्यात मी एवढ्या सह्या केल्या की माझी सहीच बदलली. आजही ती तशीच आहे.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला एक पंचविशीचा मुलगा आणला. रात्री अंगणात झोपला होता, पहाटे पोट दुखायला लागलं, एक उलटी झाली. पोट मऊ. ताप नाही. मी रॅनिटिडिनचं इंजेक्शन सांगितलं आणि खाटेवर झोपवलं. आमच्याकडे एक शिपाई होते, त्या केंद्रात बावीस वर्षं काढलेले. ते कंदील घेऊन आले, त्या मुलाच्या तोंडाजवळ धरला आणि मला म्हणाले, "मॅडम, याचे डोये पाहा न जी. मिटून राह्यले." पाहिलं तर पापण्या खरंच खाली आल्या होत्या आणि तो मान उचलू शकत नव्हता. दंशाची खूण कुठेच नाही. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी, पापण्या मिटताहेत: मण्यार. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. समोर आलं तेव्हा मला ॲसिडिटी दिसली.

होती तेवढी प्रतिविषाची इंजेक्शनं दिली. जीपमध्ये घातलं आणि चोपन्न किलोमीटर मी आणि शिपाई पाळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी दाबत गेलो, कारण अर्ध्या वाटेत त्याचा श्वास थांबला. मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. दोन दिवस त्याच्या भावांनी आणि काकांनी पिशवी दाबली. मुलगा वाचला. दिवाळीत आमच्याकडे तांदळाचं पोतं आलं, ते त्यांनी शिपायाच्या घरी उतरवलं. बरोबरच होतं.

हे सांगण्याचं कारण असं की तुला ज्याची भीती आहे, म्हणजे मला येत नाही, ती गोष्ट भरून निघते. आजूबाजूचे लोक भरून काढतात, तू विचारलंस तर. तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक, हा मापदंड तू तोंडपाठ केला असशील. त्या वीस-तीस हजारांमध्ये कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोणत्या घरात सिकल (सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, कोण दारू पिऊन बायकोला मारतो, हे आशाला आणि आरोग्यसेविकेला माहीत असतं, तुला नसतं. पहिला पंधरवडा त्यांना शिकवायला जाऊ नकोस. त्यांच्यामागे फिर. आरोग्यसेविका सांगते "मॅडम, ही बाई मला बरी नाही दिसत", तर तिला कारण विचारू नकोस, आधी बाईला तपास. कारण तिला सांगता येईलच असं नाही, पण वीस वर्षांत शेकडो बाया पाहून आलेली ती जाण असते.

मग भरून न निघणारं काय असतं, तेही सांगते. ते माझ्या वर्षातलं दुसरं प्रकरण आहे, आणि मी ते इंटर्नच्या प्रत्येक बॅचला सांगते, दर वेळी नको वाटतं तरी.

श्रावणातली गोष्ट. भाताचे रोवणे चालू होते. एका बाईचं चौथं बाळंतपण घरीच झालं, बाळ ठीक, वार पडली नव्हती. बैलगाडीतून आणली तेव्हा दोन तास होऊन गेले होते. रक्तस्राव थोडाच होता, नाडी शंभरच्या आसपास. पाठवायला हवं हे मला कळत होतं. पण त्याआधी तीनच दिवस मी एक पायाळू पाठवली होती आणि ती वरच्या रुग्णालयाच्या दारातच सुखरूप बाळंत झाली होती. त्यावर तिथल्या डॉक्टरांचा फोन आला होता. "एवढंही जमत नसेल तर कशाला बसलात तिथे? सगळा कचरा आमच्याकडे ढकलता." हे शब्द मला अजून पाठ आहेत. त्यामुळे त्या संध्याकाळी मी स्वतःला म्हटलं, अजून एक तास बघू. सलाईन लावलं, ऑक्सिटोसिन लावलं, नाळ हलकेच ओढून पाहिली. तास संपायच्या आत रक्त सुरू झालं ते थांबलं नाही. जीपमध्ये, पुलाच्या अलीकडे, ती गेली. तिची सासू बाळ मांडीवर घेऊन समोरच्या सीटवर बसली होती. ती मला एक शब्दही बोलली नाही, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

चौकशी झाली. अहवालात लिहून आलं: रुग्णास पाठवण्यात विलंब. लिहिणाऱ्यांत तो फोन करणाराही होता.

मी निर्दोष होते असं मला म्हणायचं नाही. वार अडकलेली बाई मी दोन तासांनंतर तासभर ठेवून घेतली, हे माझं. पण त्या तासात मला ज्ञान कमी पडलं नव्हतं, औषध कमी पडलं नव्हतं. "पाठव, मी बघते, रस्त्यात ऑक्सिटोसिन चालू ठेव" असं म्हणणारा एक माणूस कमी पडला. त्याच वर्षी माझी एक वर्गमैत्रीण तीस किलोमीटरवरच्या केंद्रात होती. तोच पाऊस, तेच रस्ते, तीच तुटपुंजी औषधं. फरक एवढाच की तिच्या ग्रामीण रुग्णालयात एक वयस्कर स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फोन लागला तर फोन कर, नाही लागला तर ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठव, रात्री कितीही वाजता. दहा वेळा उगाच पाठवलंस तरी मी बोलणार नाही. ती त्या तालुक्यात अकरा वर्षं राहिली. मी एका वर्षात पळाले. आमच्या दोघींत ध्येयवादी मी होते, हे विशेष. तिला मुळात रेडिओलॉजी करायची होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे, की वर्ष वाया जाईल का हे गाव ठरवत नाही. रात्री दोन वाजता तुझा फोन कोण उचलतं यावर ते ठरतं. परत आलेल्या मुलामुलींचं वीस वर्षं ऐकून माझं हे मत घट्ट झालंय. गडचिरोलीतल्या पार टोकाच्या भामरागडकडून हसत आलेले पाहिलेत आणि नागपूरपासून चाळीस किलोमीटरवरून मोडून आलेलेही पाहिलेत.

यातून पहिली व्यवहाराची गोष्ट निघते. जागा निवडायची संधी मिळालीच तर नागपूरपासून अंतर किती, हे शेवटी बघ. सगळे तेच आधी बघतात. त्याआधी हे विचार: जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती अंतरावर आहे, तिथे सिझर होतं का, भूलतज्ज्ञ कागदावर आहे की खराखुरा राहतो, त्या केंद्रात दुसरा वैद्यकीय अधिकारी आहे की तू एकटी. ही माहिती कुठल्याच यादीत नसते. आत्ता तिथे असलेल्या बॉण्डवाल्याला फोन केलास तर पाच मिनिटांत मिळते. शक्य असेल तर केंद्रापेक्षा ग्रामीण रुग्णालय घे. तिथे काम जास्त असतं, पण कुणीतरी सोबत असतं.

दुसरी, रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन भेटायचं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना तर भेटावंच लागतं. पण ज्या लेबर रूममध्ये तुझे रुग्ण जाणार आहेत तिथल्या सिस्टरना भेट, जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन ओळख करून घे. एकशे आठच्या गाडीवरचे डॉक्टर आणि ड्रायव्हर यांचे नंबर घे. पीजीच्या मुलांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, डीआरपी म्हणतात ते. त्यांत तुझ्या ओळखीचा सिनिअर सापडतोच. मेडिसिनचा एक, स्त्रीरोगचा एक, बालरोगचा एक असे तीन नंबर भिंतीवर चिकटव. आमच्या वेळी पावसाने लाइन गेली की फोन मुका व्हायचा. तुझ्याकडे ईसीजीचा फोटो पाठवायची सोय आहे. ती लाजून वापरली नाहीस तर माझ्या आणि तुझ्या वर्षात फरक काय राहिला?

तिसरी, रेफर करणं हीसुद्धा एक शस्त्रक्रिया समज. चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी" एवढंच लिहून पाठवलेला रुग्ण तिथे गेला की खरंच कचऱ्यासारखा वागवला जातो. काय सापडलं, काय दिलं, किती वाजता दिलं, बीपी किती होतं, का पाठवते आहे, कुणाशी फोनवर बोलले, आणि तुझा नंबर. झटके आलेली गरोदर बाई असेल तर दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम मॅगसल्फ, म्हणजे झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट देऊनच गाडीत चढव आणि वेळ लिही, म्हणजे तिकडे गोंधळ होत नाही. चिठ्ठीची प्रत स्वतःकडे ठेव. मोबाइलवर फोटो काढलास तरी चालेल. आणि फोनवर कुणी अपमान केला तर ऐकून घे, वेळ आणि नाव टिपून ठेव, रुग्ण पाठव. हा क्रम बदलू नकोस.

कागदांचं निघालंच आहे तर, एमएलसी आणि काही ठिकाणी शवविच्छेदनही तुझ्याच गळ्यात पडेल. न्यायवैद्यक आपण झोपेत शिकतो. जखमेची लांबी-रुंदी मोजून लिही, अंदाजे लिहू नकोस, आणि पोलीस पाटील समोर उभा आहे म्हणून घाईत मत देऊ नकोस. समन्स पाच-सात वर्षांनी येतं, तू तेव्हा कुठे पुण्यात नाहीतर परदेशात असशील आणि वकील विचारेल, डॉक्टर, ही जखम डाव्या हाताची की उजव्या?

औषधांच्या कपाटाकडे पहिल्याच दिवशी जा. स्टॉक रजिस्टरवर विश्वास ठेवू नकोस, हाताने मोज, तारखा बघ. चार्ज घेताना मोजलं नाहीस तर चार्ज देताना आधीच्याचं गायब झालेलं तुझ्या पगारातून निघेल, हे मी विनोदाने सांगत नाही. सर्पदंशाचं प्रतिविष किमान दहा व्हायल आहेत का, ते चालू करण्याआधी ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवायची सवय स्टाफला आहे का, निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन आहे का. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे की उन्हात खिडकीत. नवजात बाळाचा अंबू मास्क सापडतो का. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे हे सगळे सांगतील, त्याची चावी कुठे आहे हे कुणीच सांगणार नाही. ती दोरीने सिलिंडरला बांध. एका रात्री आमची चावी फार्मासिस्टच्या पँटच्या खिशात होती आणि फार्मासिस्ट उमरेडला लग्नात.

काचेच्या टेस्ट ट्यूबचं वेगळं सांगते, कारण हे दर वर्षी चुकतं. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठतं की नाही ते बघायला वीस मिनिटांची चाचणी करतात. दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त नीट गोठत नाही, आणि बिनविषारी दंशाला प्रतिविष दिलं जातं. केंद्रावर नव्या काचेच्या नळ्या असतीलच असं नाही.

पश्चिमेकडे, यवतमाळ-अमरावतीच्या कापूस पट्ट्यात ऑर्डर आली तर साप कमी आणि फवारणी जास्त बघशील. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले, ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. आत्महत्येच्या इराद्याने प्यालेले वेगळे. "औषध पेला" असं नातेवाईक सांगतात, विष हा शब्द वापरत नाहीत. कपडे काढून अंग धुणं आधी, आणि ॲट्रोपिन छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही. एका रुग्णाला ॲट्रोपिनचे डबेच्या डबे लागतात, तेव्हा श्रावणाच्या आधी मागणी घालून ठेव.

पूर्वेकडे गेलीस तर मलेरिया आणि सिकल. गडचिरोलीत थंडी वाजून ताप म्हटलं की आधी मलेरियाचं तपासणी किट, मग बाकीचा विचार, फाल्सिपॅरम हा मलेरियाचा जीवघेणा प्रकार तिथे आहेच. आणि लहान मुलाचे हातपाय पुन्हापुन्हा सुजतात, दुखतात, डोळे पिवळे, तर वातावरची मलमं लिहीत बसू नकोस. आपल्या विदर्भात सिकल आदिवासींत आहे, दलितांत आहे, इतर जातींतही आहे, तेव्हा आडनाव बघून तपासणी ठरवू नये. सिकलच्या मुलाला वेदना असह्य असतात आणि तो ओरडत नाही म्हणून त्या कमी आहेत असं नवख्या डॉक्टरला वाटतं. त्याला ओरडून काही होत नाही हे तो पाच वर्षांचा असतानाच शिकलेला असतो.

भाषेचं थोडं. नागपूरची मराठी येते म्हणून निभावेल असं समजू नकोस. गडचिरोलीतली माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी तुझं आशाशिवाय काही होणार नाही. आधी "जोहार" म्हण, स्टुलावर बस, उभ्याने विचारू नकोस. उपचारासाठी आधी गावातल्या पुजाऱ्याकडे जाऊन आलेत हे कळलं तर चिडू नकोस. मी चिडायचे. परिणाम एवढाच झाला की लोक मला सांगेनासे झाले आणि पुजाऱ्याकडे दोन दिवस आधी जाऊ लागले. माझ्या जागी नंतर आलेल्या मुलाने पुजाऱ्यालाच चहाला बोलावलं आणि सांगितलं, तुमचं झालं की लगेच माझ्याकडे पाठवा, ताप असला तर थांबवू नका. त्याच्याकडे रुग्ण लवकर येऊ लागले. तो मुलगा एरवी वर्गात मागे बसणारा, गाजलेला टवाळ.

मुलगी म्हणून कसं, हे तू विचारलंस. तुझे बाबा नेमकं हेच विचारत असणार. क्वार्टर आधी बघ, मग सामान ने. आतून कडी, खिडक्यांना जाळी, बाथरूम घराच्या आत, बाहेर दिवा. नसेल तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दुरुस्ती होऊ शकते, त्यासाठी लेखी पत्र दे, तोंडी सांगून काहीही होत नाही. क्वार्टर राहण्यासारखंच नसेल तर सिस्टरच्या शेजारी, गावात खोली घे. आमच्या वेळी मी आणि आरोग्यसेविका एकाच घरात राहिलो आणि तिच्या आईने मला वर्षभर झुणका आणि अंबाडीची भाजी खाऊ घातली. रात्री रुग्णाच्या घरी एकटीने जायचं नाही. सोबत सिस्टर किंवा शिपाई, आणि रुग्णाला शक्यतो केंद्रातच आणायला सांगायचं. खेड्यातल्या लोकांकडून मला त्रास झाला नाही. त्रास दिला तो दारू पिऊन मेडिकल सर्टिफिकेट मागायला येणाऱ्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याने आणि "मॅडम, कधी फिरायला येऊ का" विचारणाऱ्या एका सहकाऱ्याने. दोघांनाही सरळ केलं ते आमच्या सिस्टरने. कसं, ते विचारू नकोस. तक्रार करावी लागली तर लेखी कर आणि प्रत कॉलेजातल्या एका विश्वासाच्या माणसाला पाठव. रुग्ण गेल्यावर जमाव झाला तर वाद घालायचा नाही. आधी सरपंचाला आणि पोलिसांना फोन, मग घरच्यांपैकी एका वडीलधाऱ्याला बाजूला बसवून काय झालं ते सांगायचं.

अभ्यासाचं खरं सांगते. नीट पीजीचा अभ्यास होस्टेलवर होतो तसा तिथे होत नाही. दुपारी ओपीडी संपते, दोन तास मिळतील असं वाटतं, मग लसीकरणाचा अहवाल येतो, मीटिंग येते, वीज जाते. जे यशस्वी झाले त्यांनी पहाटे दोन तास धरले आणि बाकीचा वेळ सोडून दिला. काहींचा क्रमांक घसरला, तेही खोटं सांगणार नाही. वर्षभराने एक परीक्षा जास्त द्यावी लागली तर आभाळ कोसळत नाही, पण हे मी पन्नाशीत म्हणते आहे. चोविसाव्या वर्षी मलाही पटलं नसतं.

आपल्या मेडिकलच्या भिंतींवरून एक गोष्ट तुझ्या कानावर नक्की आदळेल. अभय आणि राणी बंग इथलेच, प्रकाश आमटे इथलेच, मेळघाटात बैरागडला गेलेले रवींद्र कोल्हे इथलेच. मग तुला एक वर्ष जड का होतं? असं विचारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. ती माणसं स्वतः निवडून गेली, आणि बहुतेक जोडीने गेली. रात्री निर्णय घेताना शेजारी दुसरा डॉक्टर होता. ऑर्डर हातात घेऊन गेलेल्या एकट्या पोरीची तुलना त्यांच्याशी करणं दोघांवरही अन्याय आहे. यांतलं एकच नाव मी इंटर्नना कामासाठी सांगते. हिंमतराव बावस्कर हेही नागपूर मेडिकलचेच. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली माणसं समोर मरत होती, तर त्यांनी खाटेशेजारी बसून नाडी, घाम, श्वास, बीपी टिपायला सुरुवात केली. १९८२ मध्ये ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे प्राझोसिनची साधी गोळी देऊन मृत्यू किती कमी होतात ते त्यांनी दाखवलं. तुला लॅन्सेटचं काही देणंघेणं नसू दे. एक दोनशे पानी वही ने. ज्या रुग्णाने झोप उडवली तो त्या रात्रीच त्यात लिही, काय चुकलं तेही. माझी वही अजून आहे. त्या श्रावणातल्या पानावर मी फक्त वेळा लिहिल्यात, एकही वाक्य नाही.

सक्तीची ग्रामीण सेवा असावी की नसावी, या वादात मला आता रस उरलेला नाही. मेक्सिकोत ती १९३६ पासून आहे, दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांना १९९८ पासून, माझ्या बॉण्डच्याच वर्षापासून. सत्तरेक देशांत तिचं कुठलं ना कुठलं रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये याबद्दल शिफारशी केल्या तेव्हा सक्तीबरोबर पाठबळही द्या असं स्पष्ट म्हटलं होतं. आपण सक्ती घेतली. पाठबळ म्हणजे तुझा भिंतीवरचा नंबरांचा कागद, जो तूच बनवायचा आहेस. याबद्दल मला राग आहे, आणि तो मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

तर बाबांना सांग, मी गेले असते. पण मैत्रिणीच्या तालुक्यात.

ऑर्डर आली की तालुक्याचं नाव मला कळव. त्या भागात माझे कोण विद्यार्थी आहेत ते बघते आणि एक-दोन नंबर देते. जाण्याआधी लेबर रूममध्ये पंधरा दिवस जादा ड्युटी मागून घे, इंटर्न मागून घेतात म्हटल्यावर सिस्टर लोक जीव लावून शिकवतात. चांगली बॅटरी, मच्छरदाणी, छोटा प्रेशर कुकर. आणि मेडिकल चौकातल्या सर्जिकलच्या दुकानातून काचेच्या दोन डझन टेस्ट ट्यूब घे. पावती ठेव, पैसे परत मिळणार नाहीत, तरी ठेव.